अनंताचे चिन्ह आणि अनंताचा शब्द

गणितातील एका चिन्हाची चर्चा वाङ्मयीन नियतकालिकात कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, ∞ हे चिन्ह आता गणिताच्या पुस्तकापुरते उरलेले नाही. ते कवितासंग्रहांच्या वेष्टनांवर दिसते, लग्नपत्रिकांवर दिसते, तरुणांच्या मनगटांवर गोंदलेले दिसते. आणि ललित गद्यात तर ‘अनंताच्या चिन्हासारखे वेटोळे’ हे उपमान बरेच रुळले आहे. जी आकृती उपमान होऊन बसली आणि जिच्यावर प्रेम, पुनर्जन्म, कालचक्र असे नाना अर्थ लादले गेले, तिची चिकित्सा साहित्याच्या अभ्यासकाने टाळावी, हे मला तरी योग्य वाटत नाही.

दुसरे कारण वैयक्तिक आहे आणि ते सांगितल्यावाचून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. चलथाण हे सुरतेहून तापीच्या खोऱ्यातून जळगावकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे गाव. भोवती उसाचे मळे, सहकारी साखर कारखाना, आणि अलीकडे कापडाचे माग. याच लोहमार्गाने खानदेशातून आलेली मराठी कुटुंबे या टापूत स्थिरावली आहेत. येथील एका गणेशोत्सवात, अनंतचतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी, ‘अनंत’ या विषयावर मी व्याख्यान दिले होते. गणितज्ञांचे अनंताचे चिन्ह, ज्याला आपण आडवा आठ म्हणतो, ते वस्तुतः शेषनागाचे वेटोळे आहे. पाश्चात्त्यांनी ते आपल्याकडून उचलले असले पाहिजे, असे मी त्यात ठासून सांगितले. टाळ्या पुष्कळ पडल्या. मंडपातून बाहेर पडताना आठवीतला एक मुलगा वही घेऊन आला. “सर, आपला आठ आडवा केला तर तसं चिन्ह होत नाही,” असे म्हणून त्याने वहीत ८ हा अंक लिहिला आणि वही फिरवून माझ्यासमोर धरली.

खरोखरच होत नव्हते. देवनागरी आठ हा एका बाजूने उघडा असतो. गुजराती आठही तसाच. तो कसाही फिरविला तरी त्याची दोन बंद वेटोळी होत नाहीत. आडवा आठ ही कल्पना इंग्रजी आकड्यावरून आली आणि आम्ही ती मराठीत बोलताना निःशंकपणे आपली मानली. त्या मुलाची शंका लहान होती. परंतु माझ्या व्याख्यानाचा एक चिरा तिने असा काढून घेतला की, बाकीच्या चिऱ्यांकडेही नीट पाहणे भाग पडले. प्रस्तुत लेख हा त्या व्याख्यानाचा दुरुस्तिलेख आहे.

आता चिन्हाच्या जन्माकडे वळू. त्याविषयी निश्चित असे जे ठाऊक आहे ते थोडे पण पक्के आहे. जॉन वॉलिस (१६१६–१७०३) या ऑक्सफर्डच्या भूमितीच्या प्राध्यापकाने शंकुच्छेदांवरील आपल्या लॅटिन ग्रंथात १६५५ साली हे चिन्ह प्रथम योजले. ग्रंथाच्या आरंभीच तो सांगतो की, त्रिकोण हा अगणित अशा अतिशय अरुंद समांतरभुज चौकोनांचा बनलेला मानावा. त्या प्रत्येकाची उंची म्हणजे त्रिकोणाच्या उंचीस अनंताने भागून आलेला भाग. या अनंत संख्येस लिहिण्यासाठी त्याने ∞ ही खूण घेतली. ही खूण का घेतली, ती कोठून आली, याविषयी त्याने एक अक्षरही लिहिलेले नाही. ज्या गृहस्थाने १६५३ मध्ये, म्हणजे अवघ्या दोन वर्षांपूर्वी, इंग्रजी भाषेचे व्याकरण लिहून प्रसिद्ध केले, आणि ज्याने यादवी युद्धाच्या काळात पार्लमेंटाच्या बाजूने शत्रूची सांकेतिक पत्रे उलगडण्याचे काम केले, त्याला शब्द आणि खूण यांचे नाते कळत नव्हते असे म्हणता येत नाही. तरीही तो मौन राहिला. या मौनातूनच पुढचे सर्व तर्क उगवले आहेत.

त्यांपैकी काही तर्क केवळ सनावळीने निकालात निघतात. हे चिन्ह म्हणजे टोके जुळविलेली फीत, असे पुष्कळदा सांगतात. फितीच्या लॅटिन नावावरून ज्या वक्ररेषेचे नाव पडले ती वक्ररेषा याकोब बेर्नुली याने १६९४ मध्ये मांडली. चिन्ह तिच्याहून ३९ वर्षांनी वडील आहे. एकच पृष्ठ असलेली म्योबियसची पट्टी तर १८५८ ची. नात हीच आजीची आई, असे म्हणण्यासारखाच हा प्रकार. आपले शेपूट गिळणाऱ्या सर्पाची आकृती मात्र फार प्राचीन आहे, इजिप्तपर्यंत तिचा माग लागतो. पण ती वॉलिसच्या मनात होती असे दाखविणारे काहीही त्याच्या लेखनात नाही. आमच्या शेषाची गोष्ट तर बोलावयासच नको. ग्रीक वर्णमालेतील ओमेगा हे शेवटचे अक्षर, म्हणून त्याचे रूप अनंतासाठी घेतले, असा आणखी एक तर्क आहे. तो अशक्य नाही, पण जे शेवटचे आहे ते अंत नसलेल्याचे नाव कसे व्हावे, हा प्रश्न तेथे अडतो.

सर्वांत सयुक्तिक वाटणारा तर्क रोमन हजाराचा. हजार लिहिण्याची रोमनांची एक जुनी पद्धत अशी होती की, मध्ये उभी रेघ आणि तिच्या दोन्ही अंगांस एकमेकींकडे तोंड केलेल्या दोन चंद्रकोरी. या तीन खुणा जुळवून लिहिल्या की दोन वेटोळ्यांची आडवी आकृती तयार होते, आणि तशी रूपे रोमन लेखांत आढळतातही. ही पद्धत वॉलिसच्या काळी मृत झालेली नव्हती. १७ व्या शतकातील लॅटिन ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर प्रकाशनवर्ष या चंद्रकोरींनी छापलेले सर्रास दिसते. लॅटिनमध्ये लिहिणाऱ्या व वाचणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसमोर ती खूण रोज येत असणार. गणिताचे इतिहासकार फ्लोरियन कॅजोरी यांनीही आपल्या १९२९ च्या ग्रंथात या तर्काची नोंद केली आहे. तो तर्कच आहे, सिद्धांत नव्हे, हे विसरून चालणार नाही.

परंतु तो खरा असेल तर साहित्यशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात फार ओळखीचे काहीतरी दिसते. हजार ही खूण हजारांपुरती न राहता ‘मोजता येणार नाही इतके’ या अर्थाची झाली. आपण ‘हजारदा सांगितले’ म्हणतो तेव्हा हजारच वेळा सांगितलेले असते काय? हजारी मोगऱ्याच्या पाकळ्या कोणी मोजल्या आहेत? पुरुषसूक्तातील सहस्र मस्तके, विष्णूची सहस्र नावे, सूर्याचे सहस्र किरण, आणि शेषाच्या सहस्र फणा या सर्व ठिकाणी सहस्र हा शब्द संख्या सोडून वैपुल्याकडे गेला आहे. मम्मटाच्या परिभाषेत मुख्यार्थाचा बाध झाला, मुख्यार्थाशी संबंध राहिला, आणि रूढी किंवा प्रयोजन यांमुळे दुसरा अर्थ हाती आला. म्हणजे लक्षणा झाली. गंगेवरील गौळवाडा आणि वॉलिसचे ∞ हे या दृष्टीने सख्खे भाऊ ठरतात.

येथे थांबलो असतो तर पहिल्या व्याख्यानातीलच चूक अधिक विद्वत्तेने पुन्हा केली असती. कारण मूळ हाती लागले म्हणजे अर्थ हाती लागला, ही समजूत तशीच राहिली असती. या बाबतीत आपल्याच परंपरेतील एक वाद मार्गदर्शक आहे. मम्मटाने रूढिलक्षणेचे उदाहरण म्हणून ‘कुशल’ हा शब्द दिला: कुश म्हणजे दर्भ तोडणारा तो कुशल, आणि त्यावरून निपुण. साहित्यदर्पणकार विश्वनाथाने त्यावर आक्षेप घेतला. शब्दाची व्युत्पत्ती ज्या निमित्ताने लागते ते निमित्त वेगळे, आणि शब्दाची प्रवृत्ती म्हणजे वापर ज्या निमित्ताने होतो ते वेगळे, असे त्याचे म्हणणे. नाही तर ‘गो’ हा शब्द जाणे या अर्थाच्या धातूपासून आला म्हणून, गाय निजली आहे असे म्हणतानाही लक्षणा मानावी लागेल! विश्वनाथाचा हा आक्षेप मला निर्णायक वाटतो. ‘कुशल’ शब्दाचा मुख्यार्थ आज निपुण हाच आहे. दर्भाची जुडी तेथे उरलेली नाही. तद्वत् ∞ या खुणेत आज हजार उरलेला नाही, ओमेगा उरलेला नाही, आणि सर्प तर कधी नव्हताच. गणितज्ञ तिचा जो वापर करतो तोच तिचा अर्थ. बाकीचे सर्व अर्थ वाचणाऱ्याने तिच्यावर घातलेले आहेत. ते घालू नयेत असे नाही. कवीला तो अधिकार आहे. पण कवीने केलेल्या आरोपाला इतिहास म्हणण्याचा अधिकार व्याख्यात्याला नाही, आणि मी तेच केले होते.

मग आपल्याकडे अनंतासाठी काय होते? या प्रश्नाचे उत्तर चिन्हाच्या गोष्टीपेक्षा मला अधिक मनोरंजक वाटते. आपल्याकडे शब्द होते, आणि ते शब्द नुसत्या नावापलीकडे काही सांगणारे होते. ‘अनंत’ हा निषेधाने बनलेला शब्द. ज्याला अंत नाही इतकेच तो सांगतो, काय आहे ते सांगत नाही. याच्या शेजारी भास्कराचार्यांचा ‘खहर’ हा शब्द ठेवून पाहावा. ख म्हणजे आकाश, ख म्हणजे शून्य. शून्य ज्याचा हर, म्हणजे भाजक, आहे तो राशी खहर. ही राशी कशी जन्मली ते या शब्दातच आहे. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याने भागिलेल्या संख्येस शून्यच्छेदाचे नाव देऊन ती तशीच ठेवली होती; भास्कराचार्यांनी बीजगणितात पुढे जाऊन सांगितले की, हा राशी अनंत होय.

अमरकोशात आकाशाची नावे पाहिली तर त्यांत ‘ख’ आहे आणि ‘अनंत’ही आहे. म्हणजे शून्याचे नाव आणि अनंताचे नाव ही दोन्ही एकाच आकाशाची नावे आहेत. शब्दांनी संख्या सांगण्याच्या जुन्या ज्योतिषग्रंथांच्या पद्धतीत तर ख, गगन, अंबर यांच्याबरोबर अनंत आणि पूर्ण हे शब्दही शून्यासाठी चालतात. आकाशाने भागिले आणि आकाशच आले, अशी ही भाषेतली घडण. त्याच अमरकोशात नागांमध्ये शेष आणि अनंत ही नावे जोडीने येतात, आणि गणितात शेष म्हणजे बाकी. सगळे काढून घेतल्यावर जे उरते ते शेष, आणि ज्याला अंत नाही ते अनंत. दोन्ही एकाच नागाची नावे! अशा ठिकाणी भाषेचा अभ्यासक मोहरून जातो, हे मी अनुभवाने सांगतो. पण ही शब्दांची सोयरीक आहे, गणिताची सिद्धता नाही. लीलावतीतील एका उदाहरणाचे उत्तर १४ येते; अनंतव्रताच्या दोऱ्याला गाठी १४ असतात. उद्या कोणी या दोहोंचा संबंध जोडून व्याख्यान दिले तर टाळ्या त्यालाही पडतील.

शब्दानंतर उपमा. बीजगणितात खहर राशीचे वर्णन करताना भास्कराचार्य म्हणतात, या राशीत काही मिळविले वा त्यातून काही काढले तरी त्यात विकार होत नाही. जसे प्रलयकाळी असंख्य भूते विष्णूत प्रवेश करतात आणि सृष्टिकाळी त्यातून बाहेर येतात, तरी त्या अच्युतात काही फरक पडत नाही. विष्णूसाठी येथे ‘अनंत’ आणि ‘अच्युत’ ही दोन नावे योजली आहेत, आणि ती किती नेमकी आहेत ते पाहावे. अनंत हे राशीचेही विशेषण आणि देवाचेही नाव; अच्युत म्हणजे जो आपल्या स्थानापासून ढळत नाही तो, आणि मिळवणी-वजाबाकीने न ढळणे हाच या राशीचा धर्म. उपमेत साधारण धर्म लागतो. तो येथे इतका काटेकोर आहे की, भक्ती बाजूला ठेवून केवळ अलंकाराची परीक्षा केली तरी ही उपमा उतरते. शास्त्रग्रंथातील पद्याला आपण सहसा काव्य म्हणत नाही. या एका ठिकाणी माझा हात तसे म्हणताना अडखळतो.

वॉलिसशी तुलना केली म्हणजे एक गंमत ध्यानात येते. वॉलिस हा धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला मनुष्य. पण अनंताची खूण करताना त्याने ईश्वराचे नाव घेतले नाही. उलट, १६९० च्या सुमारास ख्रिस्ती त्रयीच्या सिद्धांताचा वाद पेटला तेव्हा, एकाच ईश्वराची तीन रूपे कशी, हे समजावण्यासाठी त्याने घनाचा दाखला दिला: लांबी, रुंदी आणि उंची ही तीन असून घन एकच. म्हणजे धर्मोपदेशकाने ईश्वरासाठी गणिताची उपमा घेतली आणि ज्योतिष्याने गणितासाठी ईश्वराची. कोणाची उपमा कोणत्या बाजूने चालते, यावरून त्या त्या लेखकाला काय अधिक परिचित वाटत होते याचा अंदाज करता येईल.

आपल्याकडे चिन्ह नव्हते हे विधानही थोडे सुधारून घ्यावयास हवे. खहर राशी लिहिला जाई तो वर संख्या आणि खाली शून्य असा. तीन भागिले शून्य आणि पाच भागिले शून्य हे दोन्ही अनंतच, पण लिहिताना दोघांचे रूप वेगळे राहते. आपण कोणत्या संख्येतून निघालो याची आठवण त्या लेखनात शिल्लक असते. वॉलिसनेही एक भागिले शून्य म्हणजे अनंत असे लिहिले आहे, पण त्याची खूण एकदा घातली की मागचे सर्व पुसले जाते. ही आठवण भास्कराचार्यांना हवी होती, याचा पुरावा वर उल्लेखिलेल्या उदाहरणात आहे. एका संख्येस शून्याने गुणून, त्यात त्याचेच अर्धे मिळवून, तिपटीने वाढवून, शून्याने भागिले असता ६३ येतात. ती संख्या कोणती? शून्याने गुणिल्याबरोबर सर्व शून्य झाले असे मानले तर उदाहरण तेथेच संपते. म्हणून आचार्यांचा नियम असा की, पुढे काही कृती शिल्लक असेल, ज्यास ते शेषविधी म्हणतात, तर शून्य हा गुणक नुसता सोबत ठेवावा, हिशेब पुसू नये. चौदा, त्यात सात मिळवून एकवीस, तिप्पट त्रेसष्ट. वरचे आणि खालचे शून्य परस्पर गेले. आजचे गणित ही रीत मान्य करीत नाही. शून्याने भागणे आज निषिद्ध आहे, आणि अनंताची भाषा १९ व्या शतकापासून सीमेच्या कल्पनेतून बोलली जाते. त्या कसोटीस वॉलिसही उतरत नाही. तरी ज्या जागी घोटाळा होतो ती जागा आचार्यांनी ओळखली होती आणि तेथे सावधगिरीचा नियम ठेवला होता, हे श्रेय राहतेच.

वर संख्या वेगळी, खाली शून्य, आणि तरी सर्व राशी सारखेच अनंत, हे कसे? यावर बीजगणिताचा टीकाकार कृष्ण दैवज्ञ याने दिलेला दृष्टांत मला सर्व प्रकरणात अधिक मोलाचा वाटतो. हा जहांगीराच्या काळचा गणिती. त्याचे कुल विदर्भातील पयोष्णीकाठच्या दधिग्रामाहून काशीस गेलेले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांच्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ (१८९६) या ग्रंथात त्याची माहिती सापडते. कृष्ण दैवज्ञ म्हणतो, सूर्योदयी व सूर्यास्ती शंकूची सावली अनंत असते. मग शंकू एक अंगुळाचा असो की चार अंगुळांचा. १२ अंगुळांचा शंकू घेऊन त्रिज्या ३४३८ धरली तर वर ४१२५६ येतात, त्रिज्या १२० धरली तर १४४० येतात. खाली दोन्हीकडे शून्यच. लेखनातील अंक वेगळे, सावली मात्र तीच, न संपणारी. भास्कराचार्यांच्या उपमेत प्रलय आणि सृष्टी आहेत, ज्या कोणी पाहिलेल्या नाहीत. कृष्ण दैवज्ञाच्या दृष्टांतात अंगणातला खुंट आणि सकाळचे ऊन आहे. चलथाणच्या शिवारात ऊस तोडून नेलेल्या मोकळ्या रानात पहाटे उभे राहिले म्हणजे बांधावरची काठी, रुळांकडेचा खांब आणि आपण स्वतः या तिघांच्या सावल्यांचे शेंडे शोधून सापडत नाहीत. उपमा मोठी असणे आणि उपमा पटणे यांतील अंतर दाखवावयाचे झाल्यास विद्यार्थ्यांपुढे ही दोन स्थळे शेजारी ठेवावीत.

एकाच खुणेने सर्व अनंतांचे काम भागते असेही नाही. जैन आगमपरंपरेने संख्यात, असंख्यात आणि अनंत असे भेद करून त्यांचेही पोटभेद मानले. वीरसेनाचार्यांची ९ व्या शतकातील ‘धवला’ टीका डॉ. हीरालाल जैन यांनी १९३९ पासून अमरावतीहून प्रसिद्ध करविली, तेव्हा या विचाराकडे गणितज्ञांचे लक्ष वेधले. युरोपात गेओर्ग कँटर यास १९ व्या शतकाच्या अखेरीस लहानमोठे अनंत वेगळे दाखविण्याची गरज पडली. त्याने आरंभी ∞ वापरून पाहिले आणि मग ते सोडून ओमेगा व हिब्रू आलेफ ही अक्षरे घेतली. ओमेगा हा चिन्हाचा बाप होता की नाही ते ठाऊक नाही, पण वारस मात्र झाला.

आता मराठीचा प्रश्न. भास्कराचार्यांविषयी बोलताना खानदेशातला श्रोता सुखावतो, आणि त्याला तसे कारणही आहे. चाळीसगावजवळ पाटण येथील देवीच्या देवळातला शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १९ व्या शतकात प्रकाशात आणला. तो इ. स. १२०७ चा आहे. यादव राजा सिंघण याचा ज्योतिषी चांगदेव हा भास्कराचार्यांचा नातू. त्याने आजोबांच्या सिद्धांतशिरोमणीच्या अध्ययनासाठी तेथे मठ स्थापिला आणि निकुंभ वंशातील सोइदेवाने त्यास देणगी दिली. सिद्धांतशिरोमणीत बीजगणित येते, बीजगणितात खहर येतो. म्हणजे अनंत शिकविण्यासाठी दिलेल्या दानाचा दगडी दस्तऐवज आपल्या प्रदेशात आहे. लेखाचा मोठा भाग संस्कृत आहे. त्यात वंशावळ आहे, पांडित्याची स्तुती आहे. शेवटच्या ओळी मात्र तत्कालीन मराठीत आहेत, आणि त्यांत आहे तो पेठेचा हिशेब: विकल्या जाणाऱ्या मालावरील राजभागातून मठास काय द्यावयाचे, आणि घाण्यामागे पळीभर तेल.

जुन्या मराठीचा नमुना म्हणून आपण या ओळी शिकवितो, त्यांतील विभक्तिप्रत्यय पाहतो आणि पुढे जातो. पण त्या दगडावर कामाची वाटणी कशी झाली आहे ते पाहिले म्हणजे मन थोडे खिन्न होते. विद्या संस्कृतात आणि तेल मराठीत. ज्या तेल्याच्या घाण्यामागे पळीभर तेल जाई, त्याच्या भाषेत आतला पाठ सांगण्याची योजना त्या लेखात नाही, आणि त्या काळी ती कोणाच्या मनात येणेही कठीण होते. त्याच यादवकाळात, ८३ वर्षांनी, इ. स. १२९० मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेसाठी हे काम केले. गणितासाठी मात्र १९ व्या शतकाची वाट पाहावी लागली. बाळशास्त्री जांभेकरांनी कलनशास्त्राला ‘शून्यलब्धि’ हे नाव दिले. शून्याला शून्याने भागू जाता जी लब्धी येऊ पाहते तिचे शास्त्र, हा त्यातील आशय खहराच्या घराण्यातलाच आहे. परिभाषा घडवावी तर अशी. ती टिकली नाही. ‘कलन’ आले, आणि ते सुटसुटीत असल्यामुळे राहिले. भास्कराचार्यांची लीलावती ना. ह. फडके यांच्या ‘लीलावती पुनर्दर्शन’ (१९७१) मुळे मराठी वाचकाच्या हाती आली, हेही येथे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे.

अनंत हा शब्द मराठीत दुबळा झाला आहे, अशी तक्रार ऐकू येते. मृत्युवार्तेत माणूस अनंतात विलीन होतो, आभारपत्रात अनंत उपकार होतात, आणि वर्गात मुले ‘इन्फिनिटी’ म्हणतात. मला इंग्रजी शब्दाचे वावडे नाही. आक्षेप आहे तो आम्हा शिक्षकांवर. खूण फळ्यावर काढून आम्ही तिचे नाव सांगतो आणि तिच्याभोवती सर्प, फीत, कालचक्र असे काहीतरी गुंडाळून देतो, कारण मुलांना ते आवडते. खहर हा शब्द फोडून दाखविण्यास पाच मिनिटे लागतात, सावलीचा प्रयोग करण्यास एक सकाळ लागते. ती आम्ही देत नाही.

पुढल्या वर्षीच्या उत्सवात मी पुन्हा त्याच मंडपात बोललो. शेषनागाचे विधान परत घेतले आणि रोमन हजाराची हकीकत सांगितली. टाळ्या अर्थात कमी पडल्या. तो मुलगा नववीत गेला होता. सूर्य अगदी क्षितिजावर असताना सावली अनंत असते म्हणता, तर ती पडते कोठे, असे त्याने विचारले. पृथ्वी गोल आहे, सपाट मैदानाची कल्पना हिशेबापुरती धरावयाची, असे मी उत्तर दिले. त्याचे समाधान झालेले दिसले नाही. वहीत त्याने वर १४४० आणि खाली शून्य लिहून घेतले होते आणि त्याच्याकडे तो पाहत राहिला.